सेकंडहँड सँट्रो घाटात तापते, हेड उघडू की विकून टाकू?

वाचकाचं पत्र:

दादा, दिवाळीत सेकंडहँड सँट्रो झिंग घेतली, २०११ चं मॉडेल, पेट्रोल, मीटरवर ७८ हजार, ९५ हजारांना पडली. मी साताऱ्यात बँकेत नोकरीला, माहेर हडपसरला, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा जाणंयेणं असतं. गावात गाडी एकदम छान चालते, पण पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढायला लागली की टेंपरेचरचा काटा वर सरकतो, एसी चालू असेल तर जास्तच. दर आठवड्याला बोनेटखाली रेडिएटरची जी बाटली असते तिच्यात अर्धा लिटर पाणी टाकावं लागतं. गॅरेजवाला म्हणतो हेड गेलंय, ३५ हजार धरा. सर्व्हिस सेंटरने ६२ हजारांची यादी हातात दिली, त्यात रेडिएटर, सस्पेंशन, क्लच, एसी, पेंट सगळंच आहे. सासरे म्हणतात १५ वर्षं झाली की सरकार गाडी उचलून नेतं, आत्ताच भंगारात घाला. आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे. नेमकं काय करू?
– एक वाचक, सातारा

ताई, पहिलं म्हणजे हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडू देऊ नका. आत्ता तरी नाही. आणि ती ६२ हजारांची यादी घडी करून ठेवून द्या, तिच्यातलं काय घ्यायचं काय सोडायचं ते पुढे सांगतो. गाडी विकायची की नाही हा प्रश्न दोन-तीन साध्या तपासण्या झाल्यावर विचारायचा, कारण तापणारी गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक किंमत पाडूनच मागणार आणि कदाचित तुमचा सगळा बिघाड हजार-पाचशेचा निघेल.

जुन्या गाडीत खरे पैसे कुठे जातात माहितीये का, अंदाजाने पार्ट बदलण्यात. थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक गरम झालं की उघडणारी झडप) बदलून बघू, नाही झालं तर पाणी फिरवणारा पंप बदलू, तरी नाही झालं तर हेड. असं करत करत गाडीच्या किमतीएवढे पैसे गाडीतच जातात आणि मूळ कारण तिथेच बसलेलं असतं. त्यामुळे तुमच्या गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा, हेड गेलंय हे कशावरून? टेस्ट केली का? "अनुभवावरून" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. अनुभव पाहिजेच हो, पण ३५ हजारांच्या कामाआधी पुरावा पण पाहिजे.

आता तुम्ही पत्रात जे लिहिलंय त्यातच अर्धं निदान आहे बघा. गावात, सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापत नाही म्हणताय म्हणजे रेडिएटरचा फॅन बहुतेक ठीक आहे. फॅन, त्याचा रिले किंवा सेन्सर गेला असता तर उलट झालं असतं, उभ्या गाडीला तापली असती आणि हायवेला लागल्यावर वाऱ्याने गार झाली असती. तुमची चढावर तापते, म्हणजे इंजिनवर लोड आला की जेवढी उष्णता तयार होते तेवढी बाहेर टाकायची ताकद कूलिंग सिस्टीममध्ये उरलेली नाही. एसी लावला की अजून लोड, शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्यामुळे रेडिएटरवर येणारी हवाच आधी गरम होऊन येते. याची नेहमीची कारणं म्हणजे पाणी कमी असणं, रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलेला असणं, रेडिएटरची कॅप म्हणजे झाकण ढिलं, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, नाहीतर वॉटर पंप. हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनच्या मधलं सील) पण कारण असू शकतं, नाही असं नाही, पण ते यादीत शेवटी.

आणि ते आठवड्याला अर्धा लिटर पाणी! ते कुठे जातंय हे शोधल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. बंद सिस्टीम आहे ती, पाणी कमी व्हायलाच नको.

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा आणि बाटलीचं नाही, रेडिएटरचं झाकण उघडा. (गरम असताना चुकूनसुद्धा उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी तोंडावर येतं, अशी भाजलेली माणसं बघितलीयेत.) आत पाणी काठोकाठ दिसलं पाहिजे. इथे एक गंमत असते जी बऱ्याच जणांना माहीत नसते. गाडी गरम झाली की पाणी फुगून कॅपमधून बाटलीत जातं आणि थंड झाली की कॅपच ते परत आत ओढून घेते. कॅपचं रबर कडक झालेलं असलं किंवा बाटलीचा पाइप चिरलेला असला तर परत ओढायचं काम होत नाही. मग बाटली छान भरलेली दिसते, आपण निवांत, आणि रेडिएटर मात्र वरून दोन-तीन बोटं रिकामा. तुम्ही आठवडाभर बाटलीत पाणी टाकताय आणि कदाचित ते वरच्या वर ओव्हरफ्लो होऊन रस्त्यावर जातंय, असंही असू शकतं.

कॅपचं दुसरं काम त्याहून मोठं. ती आत साधारण एक बार प्रेशर धरून ठेवते, त्यामुळे १०० डिग्रीला उकळणारं पाणी १२० च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅप ढिली म्हणजे हा सगळा फायदा गेला, घाटात १०० ला पाणी उकळणार आणि काटा वर. नवीन कॅप दोन-तीनशेच्या घरात मिळते. फक्त जुन्या कॅपवर जो प्रेशरचा आकडा आहे तोच बघून घ्या, दुकानदार "चालेल हो सगळ्याला" म्हणेल, नका ऐकू.

झाकण उघडल्यावर पाण्याचा रंग पण बघा. हिरवं, गुलाबी, निळं असं स्वच्छ दिसलं तर कूलंट, म्हणजे गंज न धरू देणारं रंगीत द्रव, आहे. गढूळ, तांबूस, गंजाचं पाणी दिसलं तर आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतलेलं आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आतून गंज धरतो आणि मग गावात पुरतो तेवढा रेडिएटर घाटात पुरत नाही. माझा अंदाज विचाराल तर तुमचं हेच निघणार.

आता हे सगळं नक्की करायला कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये जाऊन प्रेशर टेस्ट मागा. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावतात, प्रेशर भरतात आणि पंधरा-वीस मिनिटं मीटर बघतात. काटा खाली आला तर कुठेतरी गळतंय आणि मग होज (रबरी पाइप), पंपाच्या खालचं भोक, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा सांधा, सगळीकडे बॅटरी मारून ओल शोधायची. एक जागा लोक विसरतात, हीटरचा कॉइल. तो डॅशबोर्डच्या आत असतो, गळला तर पाणी डावीकडच्या पायाखाली मॅटखाली जमतं आणि आपल्याला वाटतं एसीचं पाणी आहे. मॅट उचलून हात लावून बघा, कूलंट असेल तर चिकट लागतं आणि गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट वाफ पण धरते.

बाहेर कुठेच गळत नाही आणि तरी प्रेशर पडतंय, तेव्हा हेडचा संशय घ्यायचा. त्याचीही टेस्ट आहे, रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी लावतात, त्यात निळं लिक्विड असतं, इंजिनमधला जळलेला गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. सोबत चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चेक. घरच्या घरी म्हणाल तर ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा, दूध घातलेल्या कॉफीसारखा चिकट थर असेल, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून ढगासारखा पांढरा धूर येत असेल, थंड गाडी चालू केल्याकेल्या रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. पावसाळ्यात किंवा थंडीत नुसतं जवळजवळ फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडा थर धरतोच, तेवढ्यावरून घाबरू नका. आणि खरंच हेड उघडायची वेळ आली तर लेथवर फेसिंग (खालची बाजू सपाट) करून घ्या, क्रॅक चेक करून घ्या, नुसतं गॅस्केट बदलून परत बसवलेलं काम टिकत नाही.

तर समजा टेस्टमध्ये हेड ठीक निघालं (निघेल असं वाटतंय). मग क्रम असा, कॅप बदला, गळणारा पाइप किंवा क्लिप बदला, मग रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधली धूळ-किडे-पालापाचोळा साफ करा. ही जागा बाहेरून दिसत नाही, समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मधे हातभर कचरा असतो. हलक्या पाण्याने आतून बाहेर धुवायचं, वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मारला तर त्या पातळ पात्या वाकतात आणि होती ती हवा पण बंद. रेडिएटर आतून चोंदलेला निघाला तर मी साफ करून वापरायच्या नादी लागत नाही, या गाडीसाठी चांगल्या कंपनीचा नवीनच घाला, तीन-चार हजारांच्या आसपास जातो. पुण्याला जाताच आहात तर नाना पेठेत स्पेअरची दुकानं ओळीने आहेत, तिथे भाव काढा, मोबिसचं (ह्युंदाईच्या स्पेअरची कंपनी) ओरिजिनल आणि बाहेरचं दोन्ही विचारा.

थर्मोस्टॅटबद्दल मुद्दाम सांगतो. आपल्याकडे बऱ्याच गॅरेजमध्ये गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकून देतात, "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून. साफ चूक. तो नसेल तर इंजिन वेळेवर गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइल खराब होतं. तुमच्या गाडीत तो आहे का तेच आधी बघायला सांगा, कोणीतरी आधीच काढलेला असू शकतो. काढलाच बाहेर तर तिथेच पाण्यात टाकून पाणी तापवत बघायचा, त्याच्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, ८२ वगैरे, त्याच्या आसपास तो उघडताना डोळ्याला दिसतो. नाही उघडला किंवा अर्धवट उघडला तर नवीन, जास्त महाग नसतो.

शेवटी कूलंट. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते, त्यात निम्मं-निम्मं मिसळायचं, नाहीतर सरळ तयार मिसळलेलं आणायचं. रंगावर जाऊ नका, दोन कंपन्यांचं एकत्र करू नका. भरल्यावर झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर करून इंजिन चालू ठेवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत आणि फॅन एक-दोनदा लागून बंद होईपर्यंत. ही हवा काढली नाही तर नवीन पार्ट घालूनही गाडी तापते आणि मग मेकॅनिक परत हेडवर येतो. काम झालं की ट्रायल खंबाटकीला घेऊ नका, यवतेश्वरचा घाट तुमच्या दारात आहे, एसी लावून चढवा, तापली तर दहा मिनिटांत परत गावात.

तोपर्यंत पुण्याला जाणं भाग असेल तर चढावर एसी बंद, खालचा गिअर, इंजिनला रडवायचं नाही. काटा वर सरकला की हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल, घाम निघेल पण तो हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच आहे. तरी काटा लालकडे जातोय असं दिसलं तर कडेला घ्या, बंद करा, अर्धा-पाऊण तास हात लावू नका. गरम इंजिनवर थंड पाणी ओतणारे मदतीला येतात, त्यांना लांब ठेवा, त्यानेच हेड क्रॅक जातं. "घर जवळ आलंय, जाऊ तसंच" हे तर बिलकुल नको, आत्ता कदाचित चांगलं असलेलं हेड तिथे जाईल.

आता ती यादी. एसीचा गॅस नंतर भरला तरी चालतो. पेंट तर सोडूनच द्या, ९५ हजारांच्या गाडीला पेंट कशाला? क्लच जर चढावर घसरत असेल, म्हणजे आवाज वाढतो पण स्पीड वाढत नाही, तर बदला, नुसता पेडल जड आहे म्हणून नको. सस्पेंशनमध्ये दोन भाग करा, बुशिंगची (सांध्यांतल्या रबरांची) खडखड असेल तर पुढच्या महिन्यात केली तरी चालते, पण लोअर आर्मचा बॉल जॉइंट ढिला असेल तर ते आधी, तो निसटला की चाक आडवं होतं. जॅकवर घेऊन चाक हलवून तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

आणि यादीत जे नाहीये तेच मला जास्त सतावतंय. या सँट्रोच्या इंजिनला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारा पट्टा) आहे, चेन नाही. बेल्ट रबराचा असतो, किलोमीटरने पण जुना होतो आणि वर्षांनी पण, आणि तुटायच्या आधी काही आवाज-बिवाज देत नाही. तुटला की गाडी जागेवर बंद, वर व्हॉल्व्ह वाकायची भीती, म्हणजे आज नसलेलं हेडचं काम उद्या खरंच निघणार. आधीच्या मालकाकडे बदलल्याचं बिल असेल तर उत्तम, नसेल तर बदललेलाच नाही असं समजून टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदला, आणि तिथे उघडलंच आहे तर वॉटर पंप पण हलवून, ओल आहे का ते बघून घ्या. मीटरवरच्या ७८ हजारांवर जाऊ नका. १५ वर्षांच्या गाडीला ७८ हजार होऊ शकतात, पण मीटर मागे करणं आपल्याकडे काही नवीन नाही. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय का बघा, दरवाजावर, बोनेटखाली जुने ऑइल चेंजचे स्टिकर सापडतात का बघा, आणि सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुना रेकॉर्ड विचारा, बरेचदा सांगतात.

ब्रेक ऑइल कोणी बदलत नाही, सगळे नुसती लेव्हल बघतात. ते हवेतली ओल पितं, आणि घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल सरळ खाली जातं. दोन वर्षांनी बदलायचं, फार खर्च नाही. टायरवर एका छोट्या चौकटीत चार आकडे असतात, ३२१६ असेल तर २०१६ च्या ३२व्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही चांगली दिसू दे, सहा-सात वर्षांपुढचा आणि बाजूला बारीक चिरा पडलेला टायर हायवेला नको, स्टेपनीचा पण आकडा बघा. आणि पेट्रोलचे रबरी पाइप. तुमची गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या हिशोबाने बनलेली नाही, आता पंपावर तेच मिळतं, जुनं रबर त्याने लवकर खराब होऊ शकतं. पेट्रोलचा वास आला तर "जुनी गाडी आहे, येणारच" म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा.

मेकॅनिकबद्दल एकच, काढलेला जुना पार्ट डिकीत टाकून मागा आणि पार्टचं बिल मागा. जो यावर चिडतो त्याच्याकडे परत जाऊ नका.

सासऱ्यांचं म्हणणं, म्हणजे १५ वर्षांनी गाडी उचलतात, ते दिल्लीच्या बातम्यांवरून आलेलं असणार. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल हा नियम दिल्ली-एनसीआरचा, महाराष्ट्रात आपल्याला री-पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करता येतं, पाच वर्षांसाठी. आरसीवर व्हॅलिडिटीची तारीख असते, ती संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा, आरटीओत गाडी दाखवायची. २०२२ पासून कारची फी पाच हजार झालीये, वर पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला तर महिन्यामहिन्याने जास्तीचे पैसे. लाइट, हॉर्न, वायपर, पीयूसी, नंबर प्लेट हे सगळं तिथे बघतात, म्हणजे हा खर्च आत्तापासून हिशोबात धरा. तुमची २०११ ची आहे, तारीख फार लांब नसणार.

पण त्याही आधी, आणि हे गॅरेजच्याही आधी बरं का, आरसी तुमच्या नावावर करा. फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या लागतात, तो माणूस आज फोन उचलतोय, सहा महिन्यांनी उचलेलच असं नाही. गाडीवर जुनं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) पण त्याच्याकडूनच घ्यावा लागेल. इन्शुरन्स पण नावावर करून घ्या, थर्ड पार्टी गाडीबरोबर येतो पण तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडकतो. दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत रेडिएटर घालायचा कशाला?

विकायचं कधी, तर गाडी जॅकवर असताना खालून बॅटरी मारून बघा. साताऱ्याच्या पावसात राहिलेली गाडी आहे, फ्लोअरला, दरवाजांखालच्या पट्टीला, सस्पेंशन जिथे बसतं तिथे गंजाने पत्रा गेलेला असेल, स्क्रू ड्रायव्हर टोचला की आत जातोय असा, तर एक रुपया घालू नका, जशी आहे तशी खरं सांगून विका. हेड खरोखर क्रॅक निघालं तरी तोच सल्ला. या दोन्ही गोष्टी नसतील तर रेडिएटर, बेल्ट, ब्रेक ऑइल, कूलंट मिळून ६२ हजारांच्या बऱ्याच खाली काम होईल आणि एवढ्या पैशात दुसरी गाडी घेतलीत तरी तिचंही हेच सगळं करावं लागणार आहे, कारण तिच्याही आधीच्या मालकाने बोअरचंच पाणी ओतलं असेल.

सकाळी झाकण उघडल्यावर पाण्याचा रंग काय निघाला आणि प्रेशर टेस्टला काटा पडला का तेवढं कळवा, एसीचं त्यानंतर बघू.